१५२चे पाच वाटेकरी : जीसी-एमएसचा स्पेक्ट्रम आधी हाताने कसा वाचायचा

देवापुढे जाळतो तो कापूर, गवती चहाला वास देणारं सिट्रल, गुडघ्याला चोळायच्या मलमातलं मिथाइल सॅलिसिलेट, आइस्क्रीममधलं व्हॅनिलिन आणि क्रीमला बुरशी लागू नये म्हणून घालतात ते मिथाइल पॅराबेन. पाच वेगळे पदार्थ, पाच वेगळे वास (पॅराबेनला तर नाव घेण्यासारखा वासच नाही), आणि पाचांचाही रेणुभार १५२. नुसत्या वजनावर यांतला कोण समोर आहे ते सांगता येणार नाही. पण रेणू फोडले की पाचही जण आपापल्या परीने फुटतात. ते फुटणं वाचता यायला लागलं की कापूर आणि पॅराबेन यांच्यात गोंधळ व्हायचं कारणच उरत नाही.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत, सुगंधी द्रव्यांच्या एका कारखान्यात क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) आहे. नवीन एमएस्सी झालेली मुलंमुली आली की त्यांना जीसी-एमएसवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून एकेकाचे तुकडे तोलणाऱ्या मशीनवर, बसवते आणि पहिल्यांदा लायब्ररी सर्च (साठवलेल्या स्पेक्ट्रमशी ताडून मशीननेच नाव सुचवणं) बंद करायला लावते. तोंडं वाकडी होतात, पण मी ऐकत नाही. स्पेक्ट्रमची, म्हणजे कुठल्या वजनाचे तुकडे किती आले त्या आलेखाची, प्रिंट काढा, पेन्सिल घ्या, वजाबाकी करा. १५२चे हे पाच जण म्हणजे माझा ठरलेला पहिला धडा, तोच इथे लिहिते आहे.

सगळं बोलणं ७० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉन आयनायझेशनबद्दल आहे, म्हणजे साध्या जीसी-एमएसबद्दल. सेंद्रिय रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला साधारण ८ ते ११ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. आपण त्याच्यावर ७०चा मारा करतो, त्यातली थोडी जास्तीची ऊर्जा रेणूत शिल्लक राहते आणि तो फुटतो. सगळं जग हाच ७०चा आकडा वापरतं, म्हणून अंबरनाथचा स्पेक्ट्रम अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी मापन संस्थेच्या लायब्ररीतल्या स्पेक्ट्रमशी ताडून बघता येतो. एलसी-एमएसवर, म्हणजे पदार्थ वायूऐवजी द्रवातून वेगळे करणाऱ्या मशीनवर, गोष्ट वेगळी. तिथे इलेक्ट्रोस्प्रेमध्ये १५२चा पदार्थ बहुतेक वेळा प्रोटॉन चिकटून १५३ला दिसतो, सोडियम चिकटला तर १७५ला. खालचे नियम जसेच्या तसे तिकडे नेऊ नका.

आधी स्पेक्ट्रम स्वच्छ आहे का ते बघा

मशीन सकाळी ट्यून करताना पीएफटीबीए नावाच्या द्रवाची वाफ आत सोडतात. त्याच्या ६९, २१९ आणि ५०२ या आयनांचं (विद्युतभारित तुकड्यांचं) वजन आणि उंची जागेवर आहे ना, ते पाहायचं. मग १८, २८ आणि ३२. यातला २८ हा ३२च्या साधारण चौपट असेल आणि दोन्ही उंच असतील तर आत हवा शिरते आहे. कुठली तरी नट सैल आहे, ती शोधा. हवेवर स्पेक्ट्रम वाचत बसू नका.

ट्यून संपल्यावर पीएफटीबीएची झडप नीट बंद झाली नाही तर पुढच्या प्रत्येक रनमध्ये ६९ डोकावत राहतो. सिट्रलचा मुख्य आयनही ६९च आहे, त्यामुळे गवती चहाच्या तेलावर काम करणाऱ्याने हे विशेष जपावं. ओळखायचं कसं? ६९सोबत १३१ आणि २१९ पण दिसत असतील आणि क्रोमॅटोग्रामवर (कोणता पदार्थ कधी बाहेर आला त्या आलेखावर) पीक, म्हणजे शिखर, नसलेल्या जागीही तेच असेल, तर ती ट्यूनची वाफ.

बाकीचे आगंतुक पाठच करून टाका. २०७ आणि २८१ हे कॉलमचे (ज्या लांब नळीत पदार्थ वेगळे होतात तिचे), तापमान वाढलं की वाढतात. ७३ आणि १४७ सोबत असतील तर सेप्टम (इंजेक्शनच्या तोंडावरची रबरी चकती) किंवा कुठलं तरी सिलिकोन. १४९ म्हणजे थॅलेट, प्लास्टिकमधून आलेलं. सॉल्व्हंट कोणत्या बाटलीत ठेवलंत ते आठवा. आणि ५७, ७१, ८५ अशी चौदा-चौदाच्या पायऱ्यांची माळ दिसली तर पेट्रोलियम जेली, पंपाचं तेल किंवा बोटाचा चिकटपणा.

पेट्रोलियम जेलीचा विषय निघालाच आहे तर मलमाबद्दल सांगते. सरावासाठी वेदनाशामक मलमासारखा नमुना नाही. मेन्थॉल, कापूर, मिथाइल सॅलिसिलेट, बऱ्याचदा निलगिरीचं सिनिओल, सगळे एकाच डबीत. पण मलम हेक्झेनमध्ये विरघळवून सरळ इंजेक्ट करू नका. जेलीचे जड हायड्रोकार्बन विरघळून कॉलममध्ये जाऊन बसतात आणि पुढचे कित्येक रन त्यांची टेकडी दिसत राहते. वाटाण्याएवढं मलम मिथेनॉलमध्ये जोरात हलवा, फ्रीजमध्ये ठेवून मेण-जेली खाली बसू द्या, वरचं द्रव गाळून घ्या आणि भरपूर पातळ करा. मला सगळ्यात जास्त वेळा हेच ओरडून सांगावं लागतं : पातळ करा. डिटेक्टर गच्च भरला की उंच आयनाचं डोकं कापलं जातं, बारके आयन त्याच्या तुलनेत मोठे दिसतात, आणि मग सगळी गुणोत्तरं खोटी.

स्पेक्ट्रम पीकच्या डोक्यावरच्या काही स्कॅनचा सरासरी घ्या आणि शेजारच्या रिकाम्या बेसलाइनचा वजा करा. त्यानंतर एक गोष्ट कराच, जी कोणी करत नाही. पीकच्या चढावरचा स्पेक्ट्रम आणि उतारावरचा स्पेक्ट्रम एकमेकांखाली ठेवा. आयनांची आपसातली उंची दोन्हीकडे सारखी असेल तर पदार्थ एक. चढावर ९५ मोठा आणि उतारावर ७१ मोठा असं काही असेल तर एका पीकखाली दोघे लपले आहेत, आणि त्या दोघांच्या खिचडीची ओळख लायब्ररीही पटवू शकत नाही.

मूळ रेणू कुठे आहे

न फुटलेला रेणू, म्हणजे मॉलिक्युलर आयन, स्पेक्ट्रमच्या उजव्या टोकाला असतो. असतो म्हणजे, असला तर. टोकाच्या गटातला उंच आयन धरा आणि त्यातून पुढचे मोठे आयन वजा करा. बाकी १५ आली तर मिथाइल गेला, १७ हायड्रॉक्सिल, १८ पाणी, २८ कार्बन मोनॉक्साइड किंवा एथिलीन, २९ एथिल किंवा सीएचओ, ३१ मिथॉक्सी, ३२ मिथेनॉल, ४३ प्रोपिल किंवा अॅसिटाइल. हे सगळं चालतं. पण बाकी ४ ते १४च्या मधली आली तर काही तरी चुकलं आहे. एवढ्या वजनाचा तुकडा रेणूतून सहजी गळत नाही. चौदाची बाकी आली की नवीन मुलं "सीएच-टू गेला" म्हणून मोकळी होतात. सीएच-टू असा एकटा जात नाही. एक तर तो टोकाचा आयन मूळ रेणू नाही, किंवा दोन पदार्थ एकत्र आले आहेत.

दुसरी चाळणी नायट्रोजनची. मूळ रेणूचं वजन सम असेल तर नायट्रोजन शून्य, दोन, चार. विषम असेल तर एक किंवा तीन. १५२ सम. द्राक्षाच्या फ्लेवरमधलं मिथाइल अँथ्रानिलेट १५१, त्यात नायट्रोजन एक.

आणि मेन्थॉल या दोन्ही चाळण्यांतून निसटतं. रेणुभार १५६, पण १५६ला काही दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. टोकाला १३८, मग १२३, ९५, ८१ आणि सगळ्यात उंच ७१. वजाबाकी १३८ उणे १२३ बरोबर १५, नियमात बसते. सम आकडा, नियमात बसतो. आणि १३८ म्हणजे सॅलिसिलिक अॅसिडचा रेणुभार! मलमाचा नमुना, मिथाइल सॅलिसिलेट शेजारीच, त्यामुळे मोह होतो. पण सॅलिसिलिक अॅसिड असतं तर १२० आणि ९२ उंच आले असते, ७१-८१-९५ हे टर्पीनचे (वनस्पतींच्या सुगंधी तेलांतल्या रेणूंच्या कुटुंबाचे) आकडे आले नसते. मेन्थॉलचं पाणी (१८) सोर्समध्येच, म्हणजे रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो तिथेच, निघून जातं आणि आपल्याला उरलेला हायड्रोकार्बन दिसतो. अल्कोहोलांचं हे नेहमीचंच आहे. टोकाचा आयन मूळ मानण्याआधी त्यात १८ मिळवून बघायची सवय लावा. मशीनला केमिकल आयनायझेशनची (रेणू फारसा न फोडता आयन करण्याची) सोय असेल तर तिथे खात्री करून घेता येते.

१५३ला किती आहे

मूळ आयन सापडला की त्याच्या शेजारच्या, एकाने जास्त वजनाच्या आयनाची उंची मोजा. निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ असतो, म्हणून रेणूतल्या प्रत्येक कार्बनमागे शेजाऱ्याची उंची १.१ टक्क्याने वाढते. समजा १५२ची उंची ४५ आणि १५३ची ४. चार भागिले पंचेचाळीस, ८.९ टक्के, म्हणजे कार्बन आठ. दुसऱ्या स्पेक्ट्रममध्ये १५२ची उंची ३० आणि १५३ची ३.३ असेल तर ११ टक्के, कार्बन दहा.

आठ कार्बन असलेले आपले तिघे : सॅलिसिलेट, पॅराबेन, व्हॅनिलिन. तिघांचंही सूत्र एकच, कार्बन ८, हायड्रोजन ८, ऑक्सिजन ३. दहा कार्बनवाले दोघे : कापूर आणि सिट्रल, कार्बन १०, हायड्रोजन १६, ऑक्सिजन १. हाय रेझोल्यूशनचं मशीन असेल तर हा निवाडा क्षणात होतो, कारण पहिल्या तिघांचं नेमकं वजन १५२.०४७३ आणि दुसऱ्या दोघांचं १५२.१२०१. साध्या क्वाड्रुपोल मशीनला, जे फक्त पूर्णांकातलं वजन दाखवतं, दोन्ही १५२च. त्याच्यावर १५३चं गणित करावं लागतं, आणि १५२च बुटका असेल तर (सिट्रलचा असतो) ते गणित लंगडं पडतं. आयन ट्रॅपवर नमुना दाट झाला तरीही १५३ फुगतो, कारण रेणू एकमेकांचे प्रोटॉन ओढायला लागतात. म्हणून पुन्हा तेच, पातळ करा.

दोनने जास्तीच्या शेजाऱ्याकडेही एक नजर टाका. क्लोरीन असेल तर तो मूळच्या एक तृतीयांश उंचीचा असतो, ब्रोमीन असेल तर जवळजवळ बरोबरीचा, गंधक असेल तर सुमारे साडेचार टक्के. यातलं काही या पाचांत नाही.

आता सूत्रावरून वलयं आणि दुहेरी बंध मोजा. कार्बनची दुप्पट, अधिक दोन, उणे हायड्रोजन, भागिले दोन. पहिल्या तिघांना उत्तर येतं ५ : बेंझीनचं वलय ४ आणि कार्बोनिल १. दुसऱ्या दोघांना ३. हा फरक स्पेक्ट्रमकडे लांबून बघूनही कळतो. बेंझीनचं वलय चिवट, म्हणून तिघांचाही १५२ ताठ उभा असतो आणि डावीकडचा कचरा कमी. जो असतो तो ३९, ६३, ६५ असा. टर्पीनांचा डावा भाग ४१, ५५, ६९, ८१, ९५ यांनी गजबजलेला. सरावानंतर कागद हातात आल्या आल्या "हा वलयवाला, हा टर्पीन" एवढं तरी तोंडातून निघतंच.

सॅलिसिलेट की पॅराबेन : एका हायड्रोजनची उडी

आता माझा आवडता भाग. मिथाइल सॅलिसिलेट आणि मिथाइल पॅराबेन यांच्यात सगळं सारखं. तेच बेंझीन, तोच हायड्रॉक्सिल, तोच मिथाइल एस्टर. फरक एवढाच की सॅलिसिलेटमध्ये हायड्रॉक्सिल एस्टरच्या लगतच्या कार्बनवर आहे आणि पॅराबेनमध्ये समोरच्या टोकाला. त्यांचे मुख्य आयन पाठोपाठ लिहून बघा.

सॅलिसिलेट : १५२, १२१, १२० (सगळ्यात उंच), ९२, ६५.
पॅराबेन : १५२, १२१ (सगळ्यात उंच), ९३, ६५.

पॅराबेनपासून सुरू करू, ते सरळ आहे. १५२ उणे १२१, बाकी ३१, मिथॉक्सी गेला. एस्टरचा बंध कार्बोनिलच्या शेजारी तुटला. मग १२१ उणे ९३, बाकी २८, तो कार्बोनिल स्वतःच कार्बन मोनॉक्साइड होऊन गेला. ९३मधून आणखी २८ गेले, ६५ राहिले. हे दुसरं कार्बन मोनॉक्साइड वलयावरच्या ऑक्सिजनसकट निघालं. ओळीने तीन वजाबाक्या, तिन्ही पाठ्यपुस्तकातल्या.

सॅलिसिलेटमध्ये १५२ उणे १२०, बाकी ३२. एकतीस नाही, बत्तीस. या एकाच्या फरकावर सगळं ठरतं. ३१ म्हणजे मिथॉक्सी हे अर्धवट मूलक, ३२ म्हणजे मिथेनॉल हा आख्खा, स्थिर रेणू. मिथॉक्सीला मिथेनॉल व्हायला एक हायड्रोजन लागतो, तो त्याने कुठून आणला? शेजारच्या हायड्रॉक्सिलकडून. लगत असल्यामुळे सहा अणूंचं वर्तुळ जुळतं आणि हायड्रोजन इकडून तिकडे उडी मारतो. पॅराबेनमध्ये तो हायड्रॉक्सिल वलयाच्या पलीकडे, त्याचा हात पोचत नाही. पुढे १२०मधून २८ गेले की ९२.

इथे एक युक्ती हाताशी ठेवा. नायट्रोजन नसलेल्या रेणूत मूळ वजन सम असतं. त्यातून एक साधा बंध तुटून मूलक गेलं की उरलेला तुकडा विषम होतो : १२१, ९३, ६५. म्हणजे स्पेक्ट्रममध्ये एखादा सम आयन नेहमीपेक्षा उंच दिसला तर समजा, तिथे हायड्रोजनची उडी मारून आख्खा रेणू बाहेर पडला आहे. १२० सम, ९२ सम. मी मुलांना सांगते, सम आकड्यांभोवती आधी पेन्सिलीने गोल करा. रेणूत कोण कोणाच्या शेजारी बसलं आहे ते तेच सांगतात. खोबरेल तेलाचे मिथाइल एस्टर बनवून चालवले की सगळ्यांत ७४ उंच येतो, तोही समच. तिथली उडी फ्रेड मॅक्लाफर्टी यांच्या नावाने ओळखली जाते. याच मॅक्लाफर्टींनी १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या डाऊ केमिकलमध्ये रोलंड गोल्के यांच्याबरोबर गॅस क्रोमॅटोग्राफला मास स्पेक्ट्रोमीटर जोडला होता.

नायट्रोजन एक असला की सम-विषम उलटं होतं. मिथाइल अँथ्रानिलेटमध्ये अमाइन एस्टरच्या लगत आहे, १५१मधून ३२ जाऊन ११९ उंच येतो. उडी तीच, फक्त आकडा विषम.

ही परीक्षा कामाची कधी पडते? मलमाच्या नमुन्यात परिरक्षक आहे का अशी विचारणा येते तेव्हा. नुसता १५२ शोधायला लावलंत तर मशीन कापूर, सॅलिसिलेट, पॅराबेन सगळ्यांना उचलून दाखवेल. शोध १२०/९२चा लावला तर सॅलिसिलेट पुढे येतं. मात्र सॅलिसिलेटमध्येही १२१ थोडा असतो, तेव्हा नुसत्या १२१वर पॅराबेन जाहीर करू नका. १२१ उंच, ९३ सोबत आणि १२० जवळपास नाही, असं चित्र हवं.

व्हॅनिलिन

हे ओळखायला सोपं. १५१ आणि १५२ जुळ्यासारखे शेजारी, जवळजवळ एकाच उंचीचे. मूळ रेणूतून नुसता १ जाणं ही वलयाला जोडलेल्या अल्डिहाइडची सही आहे. मग १५१ उणे २८, १२३. दुसऱ्या वाटेने मिथॉक्सीवरचा मिथाइल (१५) आणि कार्बन मोनॉक्साइड (२८) जाऊन १०९, त्यातून आणखी २८ जाऊन ८१.

"नैसर्गिक व्हॅनिला अर्क" म्हणून आलेल्या नमुन्यात १६६, १३८ आणि १३७ असे आयन असलेलं वेगळं पीक शोधा. ते एथिल व्हॅनिलिन. १६६मधून २८ जातात, इथे ते एथिलीनचे, मग एक हायड्रोजन. व्हॅनिलाच्या शेंगेत एथिल व्हॅनिलिन नसतं, ते कारखान्यातून येतं. एवढं एक पीक सापडलं की पुढची चर्चा संपते. पण नसलं म्हणून अर्क शुद्ध ठरत नाही. कारखान्यातलं व्हॅनिलिन आणि शेंगेतलं व्हॅनिलिन एकाच पद्धतीने फुटतात. तिथे कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजणारं वेगळं मशीन लागतं.

कापूर आणि सिट्रल

सिट्रल ही उघडी साखळी, तिच्या शेपटीकडचा पाच कार्बनांचा तुकडा तुटून ६९ होतो. तोच सगळ्यात उंच, त्याच्या खालोखाल ४१. मूळ १५२ जेमतेम. सोबत ८४, ९४, १०९ बघा. गवती चहाच्या तेलात सिट्रलची दोन पीकं येतात, आधी नेरल, मागून जिरॅनियल, आणि तेल चांगलं असेल तर जिरॅनियल जास्त. दोघांचे स्पेक्ट्रम एकमेकांवर ठेवले तर फरक सांगायला कष्ट पडतात.

कापूर ही दोन वलयांची पक्की गाठ. मूळ १५२ बऱ्यापैकी उंच, सगळ्यात उंच ९५, मग ८१, १०८, १०९. १५२ उणे १०८, बाकी ४४. १५२ उणे ९५, बाकी ५७. आता खरं सांगते, टर्पीनांच्या बाबतीत वजाबाकीवरून बाण काढत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. गाठ उघडते, हायड्रोजन इकडेतिकडे फिरतात, आणि ९५ नेमका कुठल्या कार्बनांचा हे कागदावर सोडवणं परीक्षेपुरतं ठीक. इथे नक्षी लक्षात ठेवायची : ९५ उंच, १०८ स्पष्ट आणि १५२ हजर.

१०८ आणि १५२ या दोघांवर भर का, तर बोर्निऑल आणि आयसोबोर्निऑल यांचाही मुख्य आयन ९५च आहे. पण ते १५४चे, अल्कोहोल, त्यामुळे मूळ आयन जवळजवळ दिसत नाही. सोबत ११० असतो, थोडा १३६, १३९. भीमसेनी कापूर म्हणून जो परंपरेने ओळखला जातो तो बोर्निऑलचा. बाजारात त्या नावाच्या डबीत साधा कापूर मिळणं नवलाचं नाही, आणि या दोन ओळींनी ते चटकन कळतं. साधा कापूर आज मुख्यतः टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून बनतो, वाटेत आयसोबोर्निऑलचा टप्पा येतो, म्हणून त्याचा माग काढणंही उपयोगाचं.

आता लायब्ररी उघडा

पेन्सिलीचं काम झालं की लायब्ररी सर्च सुरू करायला माझी हरकत नाही. निस्ट आणि वायली दोन्ही उत्तम आहेत. फक्त आकड्याचा अर्थ समजून घ्या. प्रॉडक्शनचा माणूस दारातूनच विचारतो, "मॅडम, ९३ टक्के आलं ना? पाठवू का माल?" ती ९३ शुद्धता नव्हे. लायब्ररीतल्या स्पेक्ट्रमशी आपला किती जुळतो याचा तो गुण. माल ४० टक्के शुद्ध असला तरी त्यातल्या कापराच्या पीकला ९८ मिळू शकतात.

निस्टच्या पद्धतीत गुण ९९९पैकी असतात. ९०० वर उत्तम, ८०० ते ९०० चांगले. दोन आकडे वेगवेगळे बघा. पहिला सरळ जुळणीचा, दुसरा उलट जुळणीचा, ज्यात तुमच्या स्पेक्ट्रममधले जास्तीचे आयन सोडून दिले जातात. उलट ९२० आणि सरळ ७५० असेल तर पदार्थ बहुधा तोच आहे, पण त्याच्यावर कोणी तरी बसलं आहे. पुन्हा चढ-उताराची तपासणी करा. आणि पहिल्या पाच नावांचे गुण ९३५, ९३३, ९३० असे चिकटून आले तर पहिल्या नावाला काहीही महत्त्व नाही. लायब्ररी एवढंच सांगते आहे की हे कुटुंब आहे, माणूस तुम्ही शोधा. टर्पीनांत हे रोजचं.

जिथे फुटणंही सारखं, तिथे वेळ

नेरल आणि जिरॅनियल, व्हॅनिलिन आणि आयसोव्हॅनिलिन, बोर्निऑल आणि आयसोबोर्निऑल. या जोड्या स्पेक्ट्रमवरून वेगळ्या करतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कॉलममधून कोण कधी बाहेर येतो ते बघावं लागतं, आणि नुसती मिनिटं नाही, कारण कॉलम थोडा कापला की मिनिटं बदलतात. त्याच पद्धतीने अल्केनांचं (सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांचं) मिश्रण चालवा आणि रिटेन्शन इंडेक्स काढा. अकरा कार्बनचं अल्केन १२.१० मिनिटांनी आलं, त्याला ११०० म्हणा. बारा कार्बनचं १४.१० मिनिटांनी, ते १२००. तुमचा पदार्थ १३.०० मिनिटांनी आला. अंतर ०.९० भागिले २.००, गुणिले शंभर, ४५. इंडेक्स ११४५.

पाच टक्के फिनाइलच्या नेहमीच्या कॉलमवर कापूर तिथेच, ११४५च्या आसपास येतो. मेन्थॉल ११७०, मिथाइल सॅलिसिलेट ११९०, नेरल १२४०, जिरॅनियल १२७०, व्हॅनिलिन १३९५, असं धरून चाला. पाच-दहाचा फरक पडतो. १५२, ९५, १०८ आणि वर इंडेक्स ११४४ आला तर मी कापूर लिहिते. इंडेक्स १२२० आला तर लायब्ररी कितीही शपथेवर सांगो, लिहीत नाही.

कापराचा उजवा-डावा हात मात्र यानेही कळत नाही. झाडाच्या कापरात एक हात जास्त असतो, कारखान्याच्या कापरात दोन्ही सारखे. आरशातली प्रतिमा सारखीच फुटते आणि साध्या कॉलमवर एकाच वेळी येते. सायक्लोडेक्स्ट्रिनचा कायरल कॉलम (उजवा-डावा वेगळा करणारा) लावल्याशिवाय "नैसर्गिक कापूर" हे शब्द रिपोर्टवर लिहू नयेत, पार्टीने कितीही आग्रह केला तरी.

रिपोर्टच्या तक्त्यात मी नावापुढे आणखी एक रकाना ठेवते : ओळख कशावरून. तिथे तीनच गोष्टी लिहायला परवानगी आहे. "स्टँडर्ड", म्हणजे विकत आणलेला शुद्ध पदार्थ त्याच दिवशी, त्याच पद्धतीने चालवून वेळ आणि स्पेक्ट्रम दोन्ही जुळले. "स्पेक्ट्रम व इंडेक्स", म्हणजे स्टँडर्ड नव्हतं, पण दोन स्वतंत्र पुरावे आहेत. आणि "फक्त लायब्ररी". तिसऱ्या प्रकारच्या नावापुढे प्रश्नचिन्ह घालायचं, आणि मार्केटिंगने ते खोडायला सांगितलं तर माझ्याकडे पाठवायचं.